बिनचकतीचा मासा

अल्फारेटा, जॉर्जिया
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुशांत,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शांतता. म्हणून शेवटी कागद घेतला. रत्नाला जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. तिच्या वर्षश्राद्धालाही तू चँडलरहून आला नाहीस, तिचा सख्खा धाकटा भाऊ असून. त्याचं कारण मी विचारत नाही. माझं काम वेगळं आहे. मला मासे पकडायची काठी घ्यायची आहे.

हसू नकोस. सातवीत पाटणकर गुरुजी आम्हाला नदीवरची कविता शिकवत. त्यात मासोळी आली की मी मान खाली घालायचो, तिचा जीव आता जाणार या भीतीनं. त्या मुलाला आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी गळ हवाय. कारण तुला ठाऊक आहे, तरी मनातली मळमळ एकदा सगळी कागदावर येऊ दे.

जून दोन हजार तेवीस, लेक लनियर, आमच्या मंडळाची पिकनिक आणि बास जातीचे मासे पकडायची स्पर्धा. मासा मारायचा नाही. मोजपट्टीच्या फळीवर ठेवायचा, तोंड मिटलेलं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. सकाळी प्रत्येकाला आकडा घातलेली एक चकती मिळते. ती आकड्यासकट फोटोत दिसली पाहिजे, म्हणजे जुना फोटो कोणी खपवू नये. रत्नानं एकवीस इंची बास पकडला. मंडळाच्या इतिहासात तेवढा कोणी पाहिला नव्हता. पण फोटोत चकती नव्हती. पंच होता डॉ. चारुदत्त गुप्ते, आणि स्पर्धकही तोच. त्यानं फोटो बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "वहिनी, नियम म्हणजे नियम. कागदावर हा मासा नाहीच." मासा तर तिनं केव्हाच सोडला होता. "चकती विसरले असेन मी," एवढंच ती म्हणाली. चांदीचा मासा बसवलेला तो कप त्या वर्षी चारुदत्तच घरी घेऊन गेला.

तेही मी गिळलं असतं. पण गणपतीत स्टेजवर निवेदन करताना त्यानं तिला "आमच्या बिनचकतीच्या वहिनी" म्हटलं. दिवाळीत पुन्हा. आणि पुढच्या जानेवारीत तिच्या शोकसभेत, सुशांत, शोकसभेत तो माइकवर म्हणाला, "बिनचकतीचा मासा पकडणारी आमची वहिनी आज चकती न घेताच गेली." लोक हसले. मायेनं हसले असतील. मी तिच्या फोटोशेजारी बसलो होतो.

चारुदत्तचा रॉड सहाशे डॉलरचा आहे आणि बोट वेगळी. मला त्याला साठ डॉलरच्या काठीनं हरवायचंय. महागडी घेऊन हरवलं तर त्याला समजूत घालायला जागा मिळेल. ती मला ठेवायची नाही. यंदाची स्पर्धा सात जूनला आहे. कोणती काठी, कोणतं रीळ, ते लिही.

तुझा,
गुरुनाथ


चँडलर, ॲरिझोना
२३ फेब्रुवारी २०२५

ती. दाजींस,
सा. न.

पत्र मिळालं. ऑफिसातून आल्यावर दोनदा वाचलं.

आधी एक प्रश्न. ताईचा रॉड होता की. निळ्या मुठीचा, मीच तिला तिच्या साठीला पाठवलेला. तो का नाही वापरत?

बाकी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेटकास्टिंगच्या वाटेला जाऊ नका. त्यात रीळ रॉडच्या वर बसतं आणि नवख्याच्या हातात दोऱ्याचं घरटं होतं. तुम्हाला स्पिनिंग हवा. त्यात रीळ रॉडच्या खाली लटकतं. खाली म्हणजे खाली, उलटं धरून फिरवू नका. लोक धरतात.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा. त्यावर 'मीडियम' लिहिलेलं असेल, ती ताकद. 'फास्ट' लिहिलेलं असेल तर फक्त शेंडा वाकतो, माशानं तोंड लावलं की लगेच हाताला कळतं. दोन तुकड्यांचा घ्या, गाडीत मावेल. दोरा जातो त्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवून बघा. कापूस अडकला तर कडी खरबरीत आहे, दोरा कापेल, तो रॉड ठेवून द्या.

रीळ २५०० नंबरचं. डब्यावर अमुक इतके बॉल बेअरिंग असं मोठ्या अक्षरात लिहितात, त्याला भुलू नका. स्वस्तात दहा वाईट बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी. मूठ फिरवून बघा, वाळू दळल्यासारखी लागली तर नको. मग रिळाच्या टोकावरची गोल कळ थोडी घट्ट करून दोरा हातानं ओढा. त्याला ड्रॅग म्हणतात. दोरा सलग सुटला पाहिजे, हिसके देत नाही. मोठा मासा पळतो तेव्हा हिसक्यालाच दोरा तुटतो. दोरा साधा, आठ पौंडी. सगळं मिळून साठात बसेल, साठ आणि टॅक्स.

मासे पकडणं हे माणसाचं काम आहे, दाजी, काव्य नाही. देवगडला आमच्याकडे पानात मासा वाढला की तुम्ही उठून अंगणात जाऊन उभे राहायचात. मी चौदा वर्षांचा होतो, खिडकीतून बघायचो. हे तुम्हाला जमेल का, ते आधी ठरवा.

सुशांत


अल्फारेटा
९ मार्च २०२५

प्रिय सुशांत,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून रत्नासारखंच आहे, 'ळ'चं पोट फुगलेलं. पत्र उघडलं आणि क्षणभर वाटलं तिनंच लिहिलंय, मला रागावून.

दुकानात गेलो. तिथे रॉड भिंतीला लावून उभे केलेले असतात, शाळेत प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे. तुझा कागद खिशात होता. पण एक हिरवा रॉड होता, सडपातळ, हातात घेतला तर वाऱ्यानं वाकेल असा. त्याला हलवलं की शेंड्यापर्यंत लहर जायची. मोह झाला. घेऊन आलो. घरी सलोनीनं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, अल्ट्रालाइट? धिस इज फॉर टायनी फिश." लेक आईवर गेलीय, तिला हे सगळं कळतं, मला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच मला घेऊन गेली, हिरवा परत केला. मग तुझ्या कागदाप्रमाणे सगळं केलं. खिशातून कापसाचा बोळा काढून कड्यांमधून फिरवायला लागलो तर दुकानातली बाई जवळ आली. मी म्हटलं, माय ब्रदर-इन-लॉ इज ॲन इंजिनियर. ती म्हणाली, आय कॅन टेल.

तिसऱ्या रॉडला कापूस अडकला नाही. काळा, सहा फूट दहा इंच. रीळ राखाडी, साधं. ओढला तर दोरा तुपासारखा सुटला. अठ्ठावन्न डॉलर. चारुदत्तच्या बोटीच्या पाण्याच्या बाटलीची पिशवीही तेवढ्यात येत नसेल.

निळ्या मुठीच्या रॉडचं विचारलंस. तो घरात नाही. तिचे कपडे दान-दुकानात दिले, त्याबरोबर गेला. कोपऱ्यात उभा दिसायचा. मला बघवत नव्हता.

चारुदत्त परवा किराणा दुकानात भेटला. भेंडी निवडत होता. मी म्हटलं, यंदा मी स्पर्धेत आहे. तो हसला, "अरे वा गुरुनाथ, तू? मग चकती सांभाळ हं, तुमच्या घराण्याला तेवढंच जमत नाही." त्याची बायको नीलावहिनी शेजारी होत्या, त्यांनी त्याची बाही ओढली. मी भेंडी न घेता परत आलो. सुशांत, मला तो माणूस पडलेला बघायचाय. चारचौघांत, त्याच नियमावर आपटून.

तुझा,
गुरुनाथ


चँडलर
२० मार्च २०२५

ती. दाजींस,
सा. न.

रॉड योग्य घेतलात. निळ्या रॉडचं वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

आता सवय. घराजवळ तळं असेल तर रोज संध्याकाळी तासभर. मऊ रबरी गांडूळ घ्या, मधोमध गळात ओवा, वजन नको. फेकल्यावर ओढू नका. बारापर्यंत मोजा, तेवढ्यात ते तळाशी जातं. मासा बहुतेक बुडताबुडताच घेतो. दोरा बाजूला सरकलेला दिसला की रॉड उचला.

मासा आला की त्याला स्वतः हातात धरायचं. हे महत्त्वाचं. सलोनीला द्यायचं नाही. अंगठा त्याच्या तोंडात, खालच्या ओठावर, बाकीची बोटं बाहेरून. बासचे दात कानशीसारखे असतात, चावत नाहीत, घासतात. अंगठा सोलवटेल. सोलवटू द्या. आणि त्याच्याकडे बघायचं. तोंड वळवायचं नाही. फळीवर ठेवताना, तोंड मिटवताना, फोटो काढताना, पूर्ण वेळ बघायचं.

दुसरी गोष्ट. फोटो कोण काढणार, हे आधी ठरवा. मासा पकडण्याइतकंच ते काम मोठं आहे.

ताईचा तो फोटो कोणी काढला होता?

सुशांत


अल्फारेटा
१४ एप्रिल २०२५

प्रिय सुशांत,
अनेक आशीर्वाद.

आमच्या वस्तीच्या मागे तळं आहे. कडेला मेपलची पालवी आली की पाणी तांबूस दिसतं. रोज जातो. बारापर्यंत मोजायचं म्हणालास, आणि मला आर्या वृत्ताचा पहिला चरण आठवला. बारा मात्रा. पाटणकर गुरुजी बोटांच्या पेरांवर मोजून घ्यायचे, एक मात्रा चुकली की छडी. आता गांडूळ पाण्यात पडलं की मी मनात एक चरण म्हणतो आणि तो संपतो तिथे तळ येतो. बरोबर तिथेच. एवढ्या वर्षांनी ती छडी कामाला आली.

पहिले दोन आठवडे काही नाही. सुरुवातीला रीळ वर धरून उलटं फिरवत होतो. तू लिहून ठेवलं होतंस, तरीही. शेजारचा गोरा म्हातारा बघून बघून शेवटी आला आणि माझ्या हातातली काठी फिरवून ठेवली.

मग गेल्या मंगळवारी दोरा डावीकडे सरकला. रॉड उचलला. पलीकडे जीव होता, सुशांत, तो हाताला कळतो, मला वाटलं नव्हतं इतका कळतो. अकरा इंची असेल. काठावर आणला. अंगठा पुढे केला आणि माझ्यानं झालं नाही. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप चालली होती. मी तोंड फिरवलं आणि खिशातल्या कात्रीनं दोरा कापला. गळ तोंडात घेऊनच तो गेला.

पुढचे दोन दिवस गेलो नाही. मग चारुदत्तचं "तुमच्या घराण्याला" आठवलं आणि गेलो. कालपर्यंत सात मासे झाले. सातही हातात धरले. अंगठ्याचं साल गेलंय, जेवताना आमटी लागते. रागानं माणूस काय काय शिकतो.

फोटोचं विचारलंस. त्या दिवशी गर्दी होती, आठवत नाही कोणी काढला. मंडळाच्या पोरांपैकी कोणी असेल. यंदा सलोनी काढेल.

तुझा,
गुरुनाथ


चँडलर
१ मे २०२५

दाजी,

आठवत नाही असं लिहिलंत. ठीक आहे.

मंडळाचे नियम सलोनीकडून ईमेलवर मागवून घेतले. कलम सात: चकतीवरचा आकडा फोटोत वाचता आला पाहिजे. नुसती चकती दिसून भागत नाही. गुप्तेंचा मासा तुमच्यापेक्षा मोठा निघाला तर रडत बसू नका, फोटो मागा. भिंग लावून बघा. आकडा नसेल तर सगळ्यांसमोर लेखी हरकत घ्या. यंदाचा पंच कोण आहे?

तुम्हाला तो त्याच नियमावर आपटलेला बघायचाय ना. मग आपटा. मागे हटू नका. आणि नंतर काय वाटलं ते मला लिहा. सगळं.

सुशांत


अल्फारेटा
१० जून २०२५

प्रिय सुशांत,

यंदाचा पंच श्रीरंग होता. मंडळाचा सेक्रेटरी, नागपूरचा, आयटीत आहे, तिशीतला. "काका, टेन्शन नका घेऊ यार, एन्जॉय करा," म्हणत सगळ्यांना चकत्या वाटत होता. यंदा केशरी. माझा आकडा एकोणीस.

मी काठावरूनच टाकत होतो. दहाच्या सुमारास, चरणाच्या दहाव्या मात्रेला, दोरा सरकला. सतरा आणि पाव इंच. अंगठा आत घातला, तोंड मिटवलं, फळीच्या भिंतीला टेकवलं, डाव्या हातात चकती धरली. सलोनी म्हणाली, "बाबा, लुक अप." मी म्हटलं, नाही, मी त्याच्याकडे बघणार. तिनं दोन फोटो काढले. मी मासा पाण्यात धरून ठेवला, तो आपणहून सुटून गेला.

चारुदत्त बाराला बोटीतून आला. वीस इंच. लोक टाळ्या वाजवायला लागले. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सतरा म्हणजे वाईट नाही हं गुरुनाथ. पुढच्या वर्षी माझ्या बोटीत ये, शिकवतो."

मी श्रीरंगला म्हटलं, फोटो दाखव.

फोटो नीलावहिनींनी काढला होता. मासा स्वच्छ, तोंड मिटलेलं, वीसच्या रेघेवर शेपूट. चकती फळीवरच होती, केशरी, पण पालथी. आकडा खाली. मी कागद काढला, बोलपेन काढलं आणि उभ्यानंच लेखी हरकत दिली. कलम सात. श्रीरंग म्हणाला, "काका, जाऊ द्या ना, चकती तर दिसतेय." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मुद्दाम चारुदत्तच्याच चालीत म्हटलं. सगळ्यांना कळलं. कोणीतरी हसलंही. श्रीरंगनं दोनदा कलम वाचलं आणि चारुदत्तचं नाव खोडलं.

मला वाटलं होतं, हा क्षण मी जन्मभर पुरवून पुरवून खाईन. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो नीलावहिनींकडे वळला आणि म्हणाला, "एक काम सांगितलं होतं तुला. एक." चाळीस माणसांत. वहिनींनी फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि जाऊन गाडीत बसल्या. जेवायलाही उतरल्या नाहीत. मी त्यांच्या गाडीकडे बघत उभा होतो. हाताचा सोलवटलेला अंगठा आणि त्याखाली कलम सातचा कागद.

सुशांत, मी तुला खोटं लिहिलं. रत्नाचा फोटो मी काढला होता.

तिनं हाक मारली होती, "अहो, पटकन या, हा दमलाय." मी गेलो. तिनं फोन माझ्या हातात दिला. मासा फळीवर होता, तोंड उघडून मिटत होता. मी फोन समोर धरला, मान दुसरीकडे वळवली आणि बटण दाबलं. "आला ना नीट?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आला. न बघता म्हटलं. तिनं मासा सोडला.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. छापून सोबत पाठवतोय. नीट बघ. मासा पूर्ण आहे. रत्नाचा डावा हात मनगटापर्यंत आहे, पुढे फोटो संपतो. चकती त्या हातात होती. ती काही विसरली नव्हती. चारुदत्तनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चकती विसरले असेन मी." मी शेजारी उभा होतो. मी मान हलवली.

चारुदत्त गणपतीत बोलला, दिवाळीत बोलला, शोकसभेत बोलला, आणि दर वेळी मी त्याच्यावर दात खाल्ले. रत्ना घरी एकदाही काही बोलली नाही. तो म्हणाला ना, "एक काम सांगितलं होतं तुला"? तसं ती मला म्हणू शकली असती. गाडीत, स्वयंपाकघरात, दवाखान्यात, कुठेही.

कप बारा जुलैच्या वार्षिक सभेत देणार आहेत. माझ्या नावानं.

गुरुनाथ


चँडलर
१९ जून २०२५

दाजी,

फोटो परत पाठवतोय. माझ्याकडे आहे.

ताईनं त्याच दुपारी मला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "बघ, तुझ्या दाजींनी माझा हात कापला." पुढे हसणारी तीन तोंडं. मी फोन केला, म्हटलं, सांग ना सगळ्यांना, त्यांनी काढलाय म्हणून. ती म्हणाली, "अरे, त्यांना मासा बघवत नाही. तरी आले ना धावत. तेवढं पुरे." तिला पुरलं. मला नाही पुरलं. मी वाट बघितली, तुम्ही बोलाल. गणपतीत बोलाल, दिवाळीत बोलाल. शोकसभा मी झूमवर बघितली. गुप्ते बोलला तेव्हा मी स्क्रीनवर तुमच्याकडे बघत होतो. त्यानंतर फोन उचलणं बंद केलं.

तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला. चांगला आनंद नव्हे. मी तुम्हाला रॉड निवडून दिला तो गुप्तेंना हरवायला नाही दिला. मासा तुमच्या हातात यावा म्हणून दिला. तुमचा अंगठा सोलवटावा म्हणून. तुम्ही तोंड न वळवता बघावं म्हणून. फोटो कोणी काढला, हे मी मुद्दाम विचारलं. तुम्ही "आठवत नाही" लिहिलंत तेव्हा ठरवलं की कलम सात शोधून काढायचं. गुप्तेंचा फोटो नेहमी त्यांची बायको काढते, हे मला सलोनीकडून ठाऊक होतं. पुढे काय होईल त्याचा थोडा अंदाज होता. नीलावहिनींचा विचार मी केला नाही. तेवढं माझ्यावर.

पंचेचाळीस वर्षं तिनं तुमच्या घरात मासा शिजवला नाही. देवगडची मुलगी. म्हणून तळ्यावर जायची. पकडायची आणि सोडून द्यायची, कारण घरी आणता येत नव्हता. लोकांना वाटायचं केवढी दया.

बारा जुलैला त्याच माइकवर बोला. सगळं. मग बघू.

सुशांत


अल्फारेटा
२१ जुलै २०२५

प्रिय सुशांत,

बोललो.

चिठ्ठी लिहून नेली होती, ती वाचली नाही. फोटो श्रीरंगला पडद्यावर लावायला सांगितला आणि पडद्याकडे बघत बोललो. हात कुठे कापलाय ते बोट लावून दाखवलं. म्हटलं, चारुदत्तवरची माझी हरकत मी मागे घेतो. चकती पालथी पडली म्हणून वहिनींना जे ऐकावं लागलं, ते दोन वर्षांपूर्वी मला ऐकावं लागायला हवं होतं. माझ्या वाटचं ते रत्नानं ऐकून घेतलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. चारुदत्त उठला. म्हणाला, "हे भावनिक आहे, पण एकदा दिलेली हरकत मागे घेता येत नाही. नियम..." तेवढ्यात पहिल्या रांगेतून नीलावहिनी म्हणाल्या, "चारू, खाली बस." मोठ्यानं नाही. पण माइक जवळ होता. आणि तो बसला. पहिल्यांदाच असेल. कप टेबलावरच राहिला. श्रीरंग तो खोक्यात भरून घरी घेऊन गेला, कोणाच्या नावानं नोंदवायचा हे त्याला कोणी सांगितलं नाही.

चारुदत्तवरचा माझा राग गेलाय असं समजू नकोस. शोकसभेतलं वाक्य मी विसरणार नाही. पुढच्या जूनला पुन्हा उतरणार आहे, त्याच अठ्ठावन्न डॉलरच्या काठीनं, आणि या वेळी माशानंच हरवणार. नीलावहिनींनाही काठी घ्यायचीय. मला विचारत होत्या कोणती घेऊ. मी म्हटलं, कापसाचा बोळा घेऊन जा.

तू मला फशी पाडलंस. शाळेत असतं तर तुझ्याशी कट्टी केली असती. आता वय नाही. आणि छडी बसायलाच हवी होती.

शुक्रवारपासून श्रावण, म्हणून काल रविवारी सलोनीनं घरात बांगड्याचं तिखलं केलं. या घरात पहिल्यांदा. तिरफळाचा वास जिन्यापर्यंत आला होता. मी खाल्लं नाही, ते माझ्यानं होणार नाही. पण अंगणात गेलो नाही. टेबलाशी बसून होतो, तिचं जेवण होईपर्यंत. तिचे काटे काढून झाले तरी बसलो होतो.

हे पत्र तुला शुक्रवारी-शनिवारी मिळेल. रविवारी सकाळी दहाला, तुझ्या घड्याळाप्रमाणे, फोन करतो.

गुरुनाथ